टीकोझीतली लेडी ऑगस्टा

ऑल्डरविक हॉल आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिथे असंख्य वेळा गेलेय, पण तिथल्या भिंतींवर कोणाची चित्रं आहेत ते विचाराल तर मला एकही सांगता येणार नाही. असल्या बड्या घराण्यांच्या हवेल्यांत आम्ही जातो ते चहा प्यायला, स्वच्छ संडास वापरायला आणि बागेत फिरून माळ्यांच्या चुका काढायला. चित्रं बघायला परगावची माणसं आहेतच की.

त्या शनिवारी मात्र माझ्या सासूबाई, एनिड प्रॉक्टर, वेगळ्याच कामाला निघाल्या होत्या आणि ते काम काय, हे त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं नव्हतं. मांडीवर विणकामाची मोठी पिशवी, पिशवीत किटलीवर घालायची लोकरीची टीकोझी, आणि टीकोझीच्या आत काहीतरी.

"आई, पिशवी मागे गिलकडे दे ना," माझा नवरा रॉजर गाडी चालवता चालवता म्हणाला. "एवढं काय आहे तिच्यात?"

"केक आहे."

"मग तर देच."

"तू रस्त्याकडे बघ."

मागच्या सीटवर मला वास आला. लिंबाचा आणि मिऱ्याचा, एकत्र. असला केक सासूबाईंनी उभ्या जन्मात केला नव्हता. आणि तो वास मी चांगला ओळखत होते.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या वर, रस्त्याकडच्या खिडकीत एक जिरॅनियम असायचं. पांढरी फुलं आणि प्रत्येक पाकळीवर शाईच्या बोटाचा ठसा उमटवावा तसा जांभळा डाग. भांडी विसळताना पानाला हात लागला की हा वास सुटायचा. लग्नानंतर लगेच मी विचारलं होतं, "हे कुठून आणलंत?" त्यावर टॉवेलची घडी घालत त्या म्हणाल्या होत्या, "होतं कुठलंसं." ज्या बाईला घरातल्या प्रत्येक चमच्याचं कूळ पाठ, तिने "कुठलंसं" म्हणावं? मी नवी सून होते, गप्प बसले.

उलगडा झाला तो या वर्षी. ऑल्डरविकच्या काचघरातला बॉयलर जानेवारीच्या कडाक्यात बंद पडला आणि तिथली सगळी जिरॅनियम काळी पडून मेली. त्यातच लेडी ऑगस्टा नावाची जात गेली. ही जात तिथेच जन्मलेली. तिचं पानसुद्धा फाटकाबाहेर जाता कामा नये, असा त्या घराण्याचा जुना दंडक. त्यामुळे जगात दुसरीकडे कुठे ती असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी वसंतात आमच्या चर्चच्या पत्रकात सूचना आली. कोणाकडे चुकून लेडी ऑगस्टा असल्यास कृपया आणून द्यावी, काही प्रश्न विचारले जाणार नाहीत.

रविवारच्या जेवणाला सासूबाईंनी ती सूचना मोठ्याने वाचून दाखवली.

"पण पानही बाहेर गेलं नाही म्हणतात, तर असणार कोणाकडे?" रॉजरने विचारलं.

"चोरांकडे," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या आणि पत्रक टेबलावर ठेवलं.

सूचनेशेजारी फोटो होता. मी फोटो पाहिला. मग खिडकीकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बटाटे घे, गिल."

मी मुकाट्याने बटाटे घेतले. रॉजरला काही कळलं नाही. त्याने त्या खिडकीतून आयुष्यभर फक्त पाऊस आहे का तेवढंच पाहिलंय.

आता दुसरी कुठली बाई असती तर मी हसून सोडून दिलं असतं. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं पर्समध्ये नखं कापायची कात्री आणि ओला टिश्यू घेऊनच बागा बघायला जातात. पण माझ्या सासूबाई तशातल्या नव्हेत. त्यांचे यजमान विल्फ हे चर्चचे कारभारी होते; वाचनालयाचं पुस्तक परत करायला एक दिवस उशीर झाला तर टोपी काढून माफी मागणारा माणूस. ते गेल्यावर चर्चची फुलं सजवायचं काम सासूबाईंकडे आलं, आणि लगेच पुढच्या वसंतात थेल्मा बूथचं प्रकरण झालं. थेल्माने चर्चच्या आवारातले मूठभर डॅफोडिल्स तोडून इस्पितळात बहिणीला नेले. सासूबाईंनी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, सगळ्यांसमोर, कप हातात धरून तिला सुनावलं, "चोरी ती चोरी, थेल्मा. फूल असो नाहीतर चांदीचा पेला." मी या घरात आले तेव्हा त्या अबोल्याला वर्षं लोटली होती. अबोला म्हणजे आमच्या पद्धतीचा. समोरासमोर आल्या की दोघी हवेबद्दल बोलत, आणि हवेबद्दलच बोलत.

आणि या सगळ्या काळात बाईसाहेबांच्या खिडकीत लेडी ऑगस्टा फुलत होती! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मला रागही आला आणि, खरं सांगते, मजाही वाटली.

ऑल्डरविकला पोचल्यावर आम्ही आधी जेवलो. समोर नजर पोचणार नाही एवढी हिरवळ, तळं, हरणं. आणि आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या त्या वाहनतळावर, गाडीच्या डिकीमागे. अंड्याची सँडविचेस, थर्मासातला चहा. बारीक पाऊस सुरू झाला. कोणी जागचं हललं नाही.

"उघडतंय," रॉजर भिजत म्हणाला.

सासूबाईंनी सँडविचची कड तेवढी खाल्ली. रॉजर वर्तमानपत्र घेऊन गाडीत बसला आणि आम्ही दोघी निघालो. फाटकावरच्या पोराने पिशवीकडे बोट केलं. चोराच्या मनात चांदणं! सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"पिशवी पाठीवर नको, पुढे धरा हं," तो म्हणाला. "आत चिनी मातीच्या वस्तू आहेत, धक्का लागतो."

त्यांनी ती पुढे धरली, आठवा महिना लागल्यासारखी. पहिल्या बाकापाशी येताच मी म्हटलं, "एनिड, केकला फुलं आलीत. बाहेर डोकावताहेत."

त्या बसल्या. फूल आत सारलं.

"काचघरात गुपचूप ठेवायचं आणि निघायचं," त्या म्हणाल्या. "तू फक्त तिथल्या माणसाला दोन मिनिटं बोलण्यात गुंतव."

"अहो, पण फाटकावरच द्या की! प्रश्न विचारणार नाहीत म्हणून लिहिलंय."

"विचारणार नाहीत. पण बघतील ना!"

ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार. पण त्यांचं म्हणणं कळत होतं. आमच्याकडे माणूस शिवी पचवतो. कोणी नुसतं बघितलं आणि भुवई उचलली तर मात्र गाव सोडायची पाळी येते.

"घरी एखादी फांदी तरी लावून ठेवलीत ना?" मी विचारलं.

"नाही. परत करायचं तर सगळं करायचं. निम्मी चोरी परत करतात का कुठे?"

त्यांचा हात पिशवीवर होता. झोपलेल्या मुलावर ठेवावा तसा. माझी मजा तिथेच संपली. हे झाड त्यांच्यासाठी नुसतं झाड नाही, एवढं कळलं. का, ते त्या सांगेनात आणि मला विचारवेना.

काचघराकडे जाणारं बागेतलं दार कोणाच्या तरी लग्नासाठी बंद होतं. मग घरातूनच जावं लागलं, तेही दोरी लावलेल्या वाटेने, सगळ्यांच्या मागून. मोठ्या दिवाणखान्यात सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. चोवीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं, कोणी टेकू नये म्हणून. 'बसू नये' अशी पाटी लावणं उद्धटपणाचं. काटे ठेवणं सभ्यपणाचं. तिथले स्वयंसेवक आजोबा आम्हाला छतावर रंगवलेल्या देवता समजावून सांगू लागले आणि मधेच थांबून हवा हुंगू लागले.

"लिंबू?" ते म्हणाले. "लिंबू आणि... काय बरं हे?"

"माझा खोकल्याचा मलम," सासूबाई म्हणाल्या आणि खोकल्या. शेवटच्या दोन देवता सोडून आम्ही सटकलो.

काचघराचं दार ढकललं, आणि आत, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावून, हाताची घडी घालून उभी होती थेल्मा बूथ.

मला वाटलं, सासूबाई मागे फिरतील. फिरल्या नाहीत.

"वारा आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आहे खरा," थेल्मा म्हणाली.

"पण गार नाही."

"अगदीच गार नाही असंही नाही."

एवढं झाल्यावर पुढचं काम माझं होतं. मी थेल्माला दुसऱ्या टोकाच्या द्राक्षवेलीकडे नेलं आणि जे सुचतील ते प्रश्न विचारले. वेल किती जुनी, घड कधी लागतात, आंबट असतात का. थेल्मा वेलीकडे तोंड करून, माझ्याकडेही न बघता, शांतपणे उत्तरं देत होती. मागे पिशवीची खसखस झाली. लिंबामिऱ्याचा वास इथवर आला.

थेल्मा गर्रकन वळली.

"एनिड प्रॉक्टर! पिशवीत काय भरतेस?"

सासूबाई 'लेडी ऑगस्टा' अशी पितळी पाटी असलेल्या रिकाम्या फळीसमोर उभ्या होत्या. एका हातात टीकोझी, दुसऱ्या हातात कुंडी, कुंडी निम्मी पिशवीत आणि निम्मी बाहेर. देवाशपथ, बघणाऱ्याला ती उघड चोरीच दिसली असती. काचघरात आणखी चार-सहा माणसं होती. ती सगळी ताबडतोब एका निवडुंगापाशी जमली आणि त्याची पाटी वाचू लागली. आमच्याकडे भांडण ऐकायची हीच रीत.

"भरत नाहीये, काढतेय," सासूबाई म्हणाल्या.

"सापडलेला प्रत्येकजण हेच म्हणतो."

मी पुढे झाले. "थेल्मा, ते झाड मी—"

"गप्प बस, गिल." सासूबाईंनी कुंडी फळीवर ठेवली. पाठ ताठ केली. "हे इथलंच आहे. इथूनच नेलेलं. चोरी ती चोरी, मला ठाऊक आहे, तू म्हणायची गरज नाही."

"तू नेलंस?"

"विल्फने."

निवडुंगापाशी कोणीतरी खाकरलं. थेल्माच्या हाताची घडी सुटली.

"आमच्या लग्नाचा वाढदिवस होता," सासूबाई म्हणाल्या. "मी इथे, या फळीशी उभी राहून म्हटलं, इतकं सुंदर फूल मी पाहिलं नाही. एवढंच म्हटलं गं. घरी गेल्यावर त्याने टोपी काढली तर टोपीत फांदी! विल्फने! मी इतकी चिडले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो आपला माती शोधतोय, कुंडी शोधतोय. त्याच नोव्हेंबरात तो गेला. मग मी ते टाकू कसं? आणि परत तरी कोणत्या तोंडाने देऊ, त्याचं नाव निघालं असतं."

त्यांनी श्वास घेतला.

"आणि हे घरी खिडकीत असताना मी तुला फुलांवरून बोलले. सगळ्यांसमोर. तुझी बहीण आजारी होती. सॉरी, थेल्मा."

सॉरी हा शब्द आम्ही दिवसातून पन्नासदा वापरतो. दाराला धडकलो तर दाराला म्हणतो, कुत्र्यालाही म्हणतो. पण सासूबाईंच्या तोंडून खरा सॉरी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझेच डोळे भरून आले, आणि मीही निवडुंगाकडे पाहिलं.

थेल्मा फळीपाशी आली. खाली वाकून तिने फळीखालचं गोणपाट बाजूला केलं. तिथे ओळीने लेडी ऑगस्टा बसल्या होत्या! एक दह्याच्या डब्यात, एक फुटक्या किटलीत, एक मुलांच्या गमबुटात, आणि एक चक्क चर्चच्या हिरव्या कपात. चर्चच्या कॉफीला नेहमी एक कप कमी पडतो, तो हाच असणार.

"सूचना आल्यापासून येताहेत," थेल्मा म्हणाली. "माणसं येतात, हवेबद्दल बोलतात. मी वेलीकडे तोंड करून उभी राहते. वळून बघते तर फळीवर एक नवी. ती खाली लपवते, म्हणजे पुढच्याला फळी रिकामी मिळते."

"मग माझ्याच वेळी कशी वळलीस?"

"तुझ्या वेळी वळायचंच ठरवलं होतं." थेल्माच्या ओठाचा कोपरा हलला. "मी रोज तुझ्या खिडकीवरून जाते, एनिड. मला डोळे नाहीत होय?"

"म्हणजे डॅफोडिल्सच्या वेळी तुला..."

"माहीत होतं."

"आणि तू बोलली नाहीस? त्या सगळ्यांसमोर?"

"विल्फला जाऊन चार महिने नव्हते झाले गं," थेल्मा म्हणाली. "कसं बोलणार?"

सासूबाईंनी मान खाली घातली. आता बसायला हवंच होतं त्यांना. थेल्माने आपलं स्टूल पुढे ढकललं. त्यावर काटे नव्हते.

मग थेल्माने खिशातून खडू काढला. मुख्य माळीणबाईंचं म्हणणं होतं की फळीवर देणाऱ्याचं नाव हवं. पण गमबूटवाल्यापासून कपवाल्यापर्यंत एकानेही नाव सांगितलं नव्हतं. "कोणाचं लिहू? की तसंच सोडू?"

चर्चच्या कारभाऱ्याचं नाव, आख्ख्या परगण्यातली माणसं येऊन वाचणार. मी त्यांच्या जागी असते तर 'सोड' म्हटलं असतं.

"विल्फ प्रॉक्टर लिही," त्या म्हणाल्या. "बायकोसाठी नेलं, असंही लिही. जागा असेल तर."

"जागा आहे," थेल्मा म्हणाली. "जा, चहा घ्या. पिशवी मी आवरून देते."

चहाला रॉजर आला. स्कोनवर, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावावर, आधी मुरंबा की आधी साय यावर त्याने नेहमीचं भाषण केलं. सासूबाईंनी आपला स्कोन त्याच्या बशीत सरकवला. त्या सारख्या खिडकीकडे बघत होत्या. उगीचच, चहाघराच्या खिडकीत काहीच नव्हतं. मनावरचं ओझं उतरलं होतं आणि हात रिकामे झाले होते. घरी गेल्यावर त्या सिंकपाशी उभ्या राहतील आणि समोर नुसता रस्ता दिसेल, या विचाराने मलाही स्कोन गोड लागेना.

निघताना थेल्मा पिशवी घेऊन वाहनतळापर्यंत आली.

"उघडलंय," ती म्हणाली.

"हो, छान उघडलंय," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मंगळवारी चर्चच्या फुलांना एक हात कमी आहे."

"बघते. हवा बरी असली तर येईन."

गाडी सुरू झाली. सासूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, रिकामी टीकोझी चाचपली आणि थांबल्या. आत हात घातला. ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी होतं; बोटाएवढी कोवळी फांदी, तीन पानं, आणि लिंबामिऱ्याचा वास गाडीभर.

"आई, काय आहे गं?" रॉजरने विचारलं आणि ब्रेकवर पाय ठेवला. "काही राहिलं का मागे? परत जायचंय?"

पुढे फाटकावर तो पोरगा उभा होता. सासूबाईंनी फांदी टीकोझीत घातली, टीकोझी पिशवीत घातली आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवले.

"केक आहे," त्या म्हणाल्या. "आणि रॉजर, फाटक ओलांडेपर्यंत थांबू नकोस."